एकाच जेटमधून रेडिओ पण आणि गॅमा किरण पण? कसं काय?

धनकवडीचा_चष्मा:
28 फेब्रुवारीला पोरीला घेऊन खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला गेलेलो, त्या 45 मीटरच्या डिशकडे बघून मान दुखली. तिथे एकीने सांगितलं की काही गॅलक्सींच्या मधल्या ब्लॅक होलपासून जेट, म्हणजे कणांचे लांबलचक झोत, निघतात, ते रेडिओत दिसतात आणि त्यातूनच गॅमा किरण पण येतात. आता रेडिओ म्हणजे सगळ्यात किरकोळ एनर्जी, गॅमा म्हणजे सगळ्यात जबरी, मग दोन्ही एकाच जागेतून कसं? विचारणार तेवढ्यात मागून शाळेची पोरं आली आणि आम्ही पुढे ढकललो गेलो.

गणित_कच्चं:
इलेक्ट्रॉन तेच, कामं दोन. जेटमधल्या चुंबकीय क्षेत्रात ते जवळपास प्रकाशाच्या वेगाने गरगरतात, त्यातून सिंक्रोट्रॉन प्रकाश निघतो, रेडिओपासून कधीकधी पार एक्स-रेपर्यंत. मग हाच प्रकाश त्याच इलेक्ट्रॉनांना आडवा येतो. एक्सप्रेसवेवर समोरून भरधाव ट्रक येतोय आणि तुम्ही त्याच्यावर टेबल-टेनिसचा बॉल मारला (मारू नका) तर तो ट्रकच्या जिवावर कितीतरी जोरात परत येतो ना, तसंच: ट्रक म्हणजे इलेक्ट्रॉन, बॉल म्हणजे फोटॉन, प्रकाशाचा कण. फक्त फोटॉनचा वेग नाही वाढत, एनर्जी वाढते. इन्व्हर्स कॉम्प्टन म्हणतात. इलेक्ट्रॉनचा लॉरेंट्झ फॅक्टर (वेग प्रकाशाच्या किती जवळ पोचलाय त्याचं माप) 10,000 असेल तर वाढ त्याच्या वर्गाइतकी, म्हणजे साधारण 10 कोटी पट. 2 इलेक्ट्रॉन-व्होल्टचा साधा प्रकाश शिरला, 20 कोटीचा गॅमा होऊन निघाला. त्यात जेटचं तोंड आपल्याकडे असेल तर अजूनच झगझगीत दिसतं, तो ब्लेझर.

शनिवारातला:
ब्लॅक होलमधून प्रकाशसुद्धा सुटत नाही असं आम्ही घोकलेलं. जेट काय मागच्या दाराने निघतं का?

गणित_कच्चं:
आतून नाही हो काका, आत पडायच्या आधी बाहेर जी तबकडी फिरत असते ना, तिथलं चुंबकीय क्षेत्र पिळवटून दोन्ही बाजूंना माल फेकतं.

हानले_रिटर्न:
नुसत्या इलेक्ट्रॉनवर थांबू नका. 22 सप्टेंबर 2017 ला दक्षिण ध्रुवावरच्या बर्फातल्या आइसक्यूब या डिटेक्टरला एक न्यूट्रिनो (कशालाच फारसा न अडणारा कण) घावला, दिशा जुळली टीएक्सएस 0506+056 या ब्लेझरशी, आणि तो नेमका तेव्हा गॅमात भडकलेला. इन्व्हर्स कॉम्प्टनमधून न्यूट्रिनो निघत नाही, त्याला प्रोटॉन लागतात, म्हणजे जेटमध्ये तेही पळत असणार. लडाखमधल्या हानलेची 21 मीटरची मेस दुर्बीण असलेच गॅमा किरण पकडायला आहे, म्हणजे किरण हवेत शिरल्यावर निळसर चमक उठते ती, काही नॅनोसेकंदांचा खेळ.

धनकवडीचा_चष्मा:
ट्रकचं वाचून दाखवलं तर पोरगी विचारतेय, मग ट्रक स्लो होतो का?

गणित_कच्चं:
होतो! आणि जो सगळ्यात जोरात पळतो तो सगळ्यात आधी दमतो. तिला सांगा, प्रश्न भारी आहे.