वंगणासाठी माणूस आधी, की तेलाची तपासणी आधी?

मूळ मांडणी (देखभाल अभियंता, रबाळे)

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत मी एकोणीस वर्षे देखभालीचे काम करतो आहे. आमच्याकडे यंदा वंगणाच्या कामासाठी थोडा निधी मंजूर झाला आहे. दर महिन्याला तेलाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवावेत, असा व्यवस्थापनाचा कल आहे. माझा आग्रह असा की त्याआधी वंगणाच्या कामासाठी एक शिकवलेला, कायमचा माणूस आणि कुलूप लागेल अशी एक कोरडी खोली मिळावी.

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका गिअरबॉक्सचे तेल दुधाळ झाले. सील बदलले, तेल बदलले, तरी आठ दिवसांत पुन्हा तेच. शेवटी मी तेलाची पिंपे पाहायला गेलो, तर ती पत्र्याच्या शेडच्या कडेला उभी होती, वरच्या खोलगट भागात बोटभर पाणी साचले होते आणि बूच त्या पाण्याखाली होते. दिवसा पिंप तापले की आतली हवा बुचाच्या आट्यांतून बाहेर पडते आणि सर येऊन पिंप गार झाले की त्याच वाटेने पाणी आत ओढले जाते. पिंप आडवे करून दोन्ही बुचे घड्याळातील तीन आणि नऊच्या जागी ठेवली, की ती आतून तेलाखाली राहतात आणि हा प्रकार थांबतो. याला खर्च काहीच नाही, पण ते रोज पाहणे ही कोणाचीच जबाबदारी नव्हती.

ग्रीसचेही तेच. एका मोटारीचे ६३१३ क्रमांकाचे बेअरिंग वारंवार तापत असे आणि प्रत्येक पाळीतला फिटर काळजीपोटी त्यात आणखी ग्रीस भरत असे, पण जास्त ग्रीसनेही बेअरिंग तापते. बाहेरचा व्यास गुणिले रुंदी (दोन्ही मिलिमीटरमध्ये) गुणिले ०.००५ या नेहमीच्या सूत्राने, म्हणजे १४० गुणिले ३३ गुणिले ०.००५, एका वेळी सुमारे २३ ग्रॅम पुरतात. मी फिटरला ग्रीस गनचे दहा दाब कागदावर मारायला लावून वजन केले. एका गनमधून आठ ग्रॅम निघाले, दुसरीतून चौदा. आमच्या तक्त्यावर मात्र ‘दहा दाब’ एवढेच लिहिले होते.

प्रतिसाद १ (विश्वसनीयता अभियंता, पावणे)

आपल्या अनुभवाबद्दल आदर आहे. निष्कर्ष पटत नाही. पिंपात पाणी आहे हे आपल्याला तेल दुधाळ झाल्यावर कळले. तेल दुधाळ दिसू लागते तेव्हा पाणी विरघळण्याच्या मर्यादेपलीकडे गेलेले असते, आणि बेअरिंगचे नुकसान त्याआधीच सुरू झालेले असते. डोळ्यांवर विसंबून वंगणाचा कार्यक्रम चालवता येत नाही.

आमच्या एका कॉम्प्रेसरच्या तेलात सलग तीन नमुन्यांत लोह आणि सिलिकॉन सोबतच वाढत गेले. सिलिकॉन म्हणजे बहुधा बाहेरची धूळ, म्हणून आम्ही ब्रीदर (टाकीत हवा आत-बाहेर जाण्याची गाळणी) उघडला, तर तो तडकलेला होता. ब्रीदर बदलला, तेल गाळले, यंत्र वाचले. तो बिघाड कितीही तयारीच्या माणसाला नुसते पाहून सापडला नसता. नव्या तेलाचीही तीच गोष्ट: आयएसओ ४४०६ मध्ये (तेलातले कण मोजण्याच्या मानकात) प्रत्येक पुढचा आकडा म्हणजे कणांची संख्या साधारण दुप्पट, त्यामुळे पहिला आकडा १८ हवा असताना सीलबंद पिंपातले तेल २१ निघाले, तर त्यात आठपट कचरा आहे. मोजल्याशिवाय हे कळणार कसे?

आणि माणूस टिकतो कुठे? आम्ही दोन वर्षे शिकवलेला ऑईलमन (वंगणाचे काम करणारा कामगार) जास्त पगारावर तळोज्याला गेला. कोणत्या मोटारीत कोणते ग्रीस, हे सारे त्याच्या डोक्यात होते. नव्या मुलाने पॉलियुरियाच्या ग्रीसवर लिथियमचे ग्रीस भरले, हे न जुळणारे दोन प्रकार एकत्र येऊन पातळ झाले आणि सीलमधून वाहून गेले.

मूळ लेखकाचे उत्तर

तडकलेल्या ब्रीदरचे उदाहरण मला मान्य आहे, पण नमुना घेणारा हातही शेवटी त्याच माणसाचा असतो, हे आपण सोडून दिलेत. आमच्याकडे पूर्वी एकदा तपासणी झाली होती. बंद यंत्राच्या तळाच्या बुचातून, बसलेल्या गाळासकट बाटली भरली गेली. अहवाल भयंकर आला आणि चारशे लिटर चांगले तेल काढून टाकले. यंत्र चालू असताना, वाहत्या तेलातून, दर वेळी एकाच जागेवरून नमुना घ्यायचा असतो, हे त्या मुलाला कोणी सांगितलेच नव्हते.

प्रतिसाद २ (लघुउद्योजक, वागळे इस्टेट)

आपण दोघेही मोठ्या कारखान्यांचे बोलत आहात. माझ्याकडे चौदा यंत्रे आहेत. स्वतंत्र माणूसही परवडत नाही आणि महिन्याची तपासणीही. आमचा घोटाळा वेगळाच होता. हायड्रॉलिक ६८ आणि स्लाइडवे (यंत्राच्या सरकपट्टीचे) ६८ ही दोन्ही तेले मुलांना एकच वाटत, कारण डब्यावर तोच आकडा. ६८ हा आकडा ४० अंश सेल्सिअसला तेल किती दाट आहे एवढेच सांगतो. सरकपट्टीला चिकटून राहण्याचा गुण साध्या हायड्रॉलिक तेलात नसतो. आता आम्ही प्रत्येक तेलाला एक रंग ठरवला आहे: यंत्राच्या तोंडाशी, झाकणाच्या डब्यावर आणि साठ्यावर तोच रंग. उघडी नरसाळी बंद केली. पाण्याचा संशय आला तर तापलेल्या पत्र्यावर तेलाचा थेंब टाकतो. तडतडला तर पाणी आहे. ही चाचणी ढोबळ आहे, पण पाच मिनिटांत होते.

प्रतिसाद ३ (ऑईलमन, तुर्भे)

मी हे काम अनेक वर्षे करतो आहे, म्हणून लिहितो. माणूस टिकत नाही असे पावण्याचे साहेब म्हणतात, पण त्या माणसाला हेल्परची श्रेणी देतात, हे कोणी म्हणत नाही. जिना चढून उंचावरच्या निपलपर्यंत (ग्रीस भरण्याच्या तोंडापर्यंत) जायचे, निपल पुसल्याशिवाय गन लावायची नाही, जुने ग्रीस बाहेर पडण्याचे बूच आधी उघडायचे, आवाज बदलला की थांबायचे. हे काम फिटरच्या तोडीचे आहे. मला कधी वेल्डरसारखा प्रमाणपत्राचा मार्ग दाखवला गेला नाही. मी आणलेली तक्रार नोंदवहीत लिहिली गेली, तर साहेब विचारतात, पण तोंडी सांगितली की दुपारपर्यंत विसरली जाते.

प्रतिसाद ४ (विश्वसनीयता अभियंता, पावणे)

तुर्भेच्या दादांचे म्हणणे मी आमच्या मनुष्यबळ विभागाकडे मांडणार आहे. तपासणीविषयीचे माझे मत मात्र तसेच आहे. बदल एवढाच की निधी माझ्या हाती असता, तर मी पहिले सहा महिने महत्त्वाच्या पाच-सहा यंत्रांचेच नमुने घेतले असते, नमुन्याचे झडप कायमचे बसवून घेतले असते आणि उरलेल्या पैशांतून फिल्टर ट्रॉली (तेल गाळण्याचा फिरता संच) घेतली असती. रबाळ्याच्या साहेबांना एक विचारायचे आहे: आपण मागता त्या खोलीची किल्ली रात्रपाळीला कोणाकडे राहणार?

मूळ लेखकाचे उत्तर

रात्रपाळीच्या फिटरकडे, सहीनिशी. त्यालाही तेवढेच शिकवावे लागेल, आणि माझ्या प्रस्तावात मी ते धरले नव्हते. आज दुरुस्त करून पाठवतो.