नॅशनल क्लस्टर पॉलिसीसाठी निवेदन द्यायचंय, त्यात नेमकं काय मागावं?

फौंड्रीवाला_शिरोली:
नमस्कार मंडळी. कास्टिंगचा धंदा आहे, वडिलांपासून. देशभर क्लस्टरचं (एकाच धंद्याची बरीच युनिटं एका भागात असतात, त्यांचं) एकच धोरण असावं म्हणून असोसिएशनतर्फे निवेदन द्यायचंय आणि मसुदा माझ्या गळ्यात पडलाय. आत्ता केंद्राची छोट्या उद्योगांच्या क्लस्टरची स्कीम एमएसई-सीडीपी वेगळी, पारंपरिक उद्योगांची स्फूर्ती वेगळी, टेक्स्टाइलचं आणखी निराळं, राज्याची स्कीम वेगळीच, आणि प्रत्येकाला डीपीआर, म्हणजे प्रकल्प अहवाल, नवा. एक खिडकी मागितली की भागेल का?

जुना_फाइलवाला:
खिडकी एक केलीत तरी आतला माणूस बिल्डिंग आणि मशिनलाच पैसे देणार असेल तर काय उपयोग. एमएसई-सीडीपीच्या 2022 च्या गाइडलाइन्स काढून बघा, सगळ्यांनी मिळून वापरायच्या लॅब-मशिनच्या कॉमन फॅसिलिटी सेंटरला 5 ते 10 कोटींच्या प्रोजेक्टला 70 टक्के ग्रँट, 10 ते 30 कोटीला 60 टक्के. वाईट नाही. पण उद्घाटन झालं, फोटो निघाले, मग लॅबच्या इंजिनिअरचा पगार, कॅलिब्रेशन, लाइट बिल कोण भरणार? आणि खरं दुखणं वेगळंच आहे साहेब. स्पेक्ट्रोवर (धातूत काय किती आहे ते तपासणारं मशीन) सॅम्पल पाठवलं की आपली ग्रेड काय, गिऱ्हाईक कोण, हे एसपीव्हीवरच्या, म्हणजे सेंटर चालवणाऱ्या मेंबरांच्या कंपनीवरच्या, डायरेक्टरांना कळणार, आणि ते डायरेक्टर म्हणजे शेजारच्याच फौंड्रीचे मालक. कोण पाठवतंय?

होजिअरी_मर्चंट:
+1. पण एकत्र येतच नाहीत असंही नाही हां. तिरुपूर बघा. नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून 2011 मध्ये मद्रास हायकोर्टानं डाइंग युनिटं बंद करायला लावली, तेव्हा एकेकट्याला झीरो डिस्चार्जचा, म्हणजे सांडपाणी बाहेर न सोडणारा, प्लँट परवडणारच नव्हता, मग कॉमन प्लँटच चालवावे लागले आणि ते चाललेही. एकट्याच्या ऐपतीबाहेरचं काम पाहिजे आणि त्यात कुणाचं गुपित नको. तुमच्याकडं असं काय आहे?

फौंड्रीवाला_शिरोली:
वाळू! साच्यांना वापरलेली वाळू टाकायची कुठं हा सगळ्यांचाच प्रश्न आहे, आणि वाळूत कुणाचं काय गुपित असणार. हे आधी सुचायला पाहिजे होतं राव.

उद्यमनगरकर:
थोडं कडू बोलतो. कोल्हापूरचं उद्यमनगर काय पॉलिसीनं उभं राहिलं का? शेतकऱ्याला ऑइल इंजिन पाहिजे होतं, एकाचं बघून दुसऱ्यानं शेड टाकली, कामगार इकडून तिकडं गेले आणि हुन्नर पसरत गेलं. म्हणून प्रत्येक जिल्ह्याला एक क्लस्टर असलं काही मागू नका, नाहीतर पुढारी नकाशावर टिंबं देत बसतील आणि जिथं आधीच शे-दोनशे युनिटं आहेत त्यांना काय मिळायचं नाही. दुसरं म्हणजे फर्नेसची वीज. कर्नाटकात जायची भाषा आपल्याकडं किती वर्षं चाललीय, पण दर ठरवतो राज्याचा आयोग, दिल्लीचं धोरण त्यात काय करणार? ते निवेदन मुंबईला वेगळं द्या, एकात घुसडू नका.

जुना_फाइलवाला:
वाळूचा मुद्दा पहिला घ्या, बरोबर. आणि चालवायचा खर्च मागाल तर तोही कायमचा मागू नका, लगेच कात्री लागते. पहिल्या वर्षी जास्त, मग कमी कमी, आणि तोही मशीन किती तास चाललं त्यावर. मॅनेजर बाहेरचा नेमायचा, मेंबरांच्या पोरांपैकी नको, ही अट तुम्हीच आधी लिहून टाका. मीटिंगमध्ये दोघंतिघं रागावतील, रागावू द्या.