मदत हवी आहे: ग्रुप सायकल राईडला पहिल्यांदाच जातेय, मागे पडले तर थांबतात का?

शेवंती
येत्या रविवारी सकाळी सहाला ग्रुप राईड आहे. पैसे नाहीत, कोणीही या म्हणतात. मेसेजमध्ये "निवांत राईड, नवीन लोकांचं स्वागत" असं लिहिलंय, पण मागच्या राईडच्या फोटोत सगळे जर्सी घालून, बारीक टायरच्या सायकलींवर. मी मागे पडले तर हे लोक थांबतात का? आज रात्रीपर्यंत नाव कळवायचंय, लवकर सांगा. सायकल मला येते, त्यावर सल्ले नकोत.

कातरवेळ
कुठलं शहर? किती अंतर? सायकल कुठली? एवढं तरी सांगा.

शेवंती
पुणे. कर्वे पुतळा ते खडकवासला, एनडीए रस्त्याने. सायकल साधी, बिनगिअरची.

घाटवेडा
बिनगिअरची काढून टाका, गिअरवाली हायब्रिड सायकल घ्या. मी तसंच केलं आणि पुढच्याच हिवाळ्यात 200 किमीची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेतली लांब पल्ल्याची राईड, केली. साडेतेरा तासांत पुरी करायची असते. असं काहीतरी ध्येय ठेवा, नाहीतर महिन्याभरात सायकल परत जिन्याखाली जाते.

कातरवेळ
घाटवेडा, त्यांना रविवारी जायचंय हो. वाटेत घाट नाही. जाताना थोडा चढ, येताना उतार. जाऊन-येऊन 25-30 किमी, बिनगिअरवर सहज होतं.

घाटवेडा
सहज तुम्हाला. नवीन माणसाचे पाय चढाला भरून येतात आणि तो पुन्हा येत नाही. असे बरेच पाहिलेत.

मेथीलाडू
ताई, गुडघे दुखत असतील तर रात्री तिळाच्या तेलाने मालीश करा. मला फार फरक पडला.

निवांत
गुडघ्यांचं कोणी विचारलंच नाहीये, पण विषय निघालाच आहे तर सीटची उंची बघून घ्या. पेडल अगदी खाली असताना टाच त्यावर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. बहुतेक बायकांच्या सायकलींची सीट फार खाली असते, म्हणून दम लागतो.

आता मूळ प्रश्न. आयोजकांना फोन करून एकच विचारा: सगळ्यात शेवटी कोण चालवणार आहे? त्याचं नाव आणि नंबर लगेच मिळाला तर ग्रुप थांबणारा आहे. "असेल कोणीतरी, या तुम्ही" असं उत्तर आलं तर मी तरी जाणार नाही. पुढचे लोक वेगाने जातातच, त्यात वाईट काही नाही. पण शेवटच्या माणसाने तुम्हाला ओलांडून पुढे जायचं नसतं. चहाला कुठे थांबणार तेही विचारा, म्हणजे चुकामूक झाली तरी गाठता येतं.

पेठेतला
आमच्या वेळी ग्रुप बनवावा लागत नसे. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ताभर सायकली. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं की पोलीस चाकातली हवा सोडायचे. हेल्मेट कोणाकडे नव्हतं, काही अडत नव्हतं.

घाटवेडा
काका, तेव्हा वाटेत शिवणे-उत्तमनगरला टँकर आणि टेम्पो एवढे नव्हते. हेल्मेटशिवाय जाऊच नका.

पेठेतला
सायकलला हेल्मेटची सक्ती नाही.

घाटवेडा
सक्ती नसली म्हणून डोकं कमी महत्त्वाचं होत नाही.

कातरवेळ
हेल्मेटचा वेगळा धागा काढा. शेवंती, पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक चिकटवू नका, एक सायकलभर जागा ठेवा. पुढचा "खड्डा!" ओरडला की तुम्हीही ओरडा, मागच्याला कळतं. आणि अचानक ब्रेक मारू नका.

शेवंती
फोन केला. एक ताई शेवटी असतात, त्यांचा नंबर लगेच दिला. मी नाव दिलंय. आता दुसरंच: सायकल मुलगी कॉलेजला गेल्यापासून बाल्कनीत आहे. आज हवा भरून आणली, रविवार सकाळपर्यंत टिकेल ना?

पंपवाला
हे आधी सांगायचं! हवा टिकली तरी टायर बघा. कडेला नखाने दाबा. बारीक भेगा उघडल्या, आतला दोरा दिसला, तर टायर गेला. उन्हात उभ्या सायकलीचं हेच होतं. ट्यूबपण बदला, जुनी व्हॉल्वपाशी फाटते.

शेवंती
भेगा आहेत. कुठला टायर मागू?

पंपवाला
टायरच्या कडेलाच आकडा असतो, 26 × 1 3/8 असा काहीतरी. फोटो काढून दुकानात दाखवा. ब्रेकचे रबर आणि चेनचं तेलही त्याच फेरीत करून घ्या. शनिवारी दुपारपर्यंत उरका, संध्याकाळी डहाणूकर कॉलनीत एक चक्कर मारा. ब्रेक घासतोय का ते तेव्हाच कळेल, दुरुस्तीला वेळही राहील.

मेथीलाडू
खडकवासल्याला भजी सकाळी किती वाजता सुरू होतात, कोणाला माहीत आहे का?