प्रतिसाद: मुरूम टाकून उंच केलेलं शेजारचं वावर

भाऊ, शेजाऱ्यानं मुरूम टाकून वावर २ फूट उंच केलं, आता तुमच्याकडलं पाणी अडते, म्हणून धुऱ्यावर भिंत घालू का, असं विचारलंत. आधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. नुसती विटांची भिंत कलते. आमची दुसऱ्याच पावसाळ्यात कलली, फार जीव हळहळला. भिंत घालायचीच तर पाणी निघायला छिद्रं ठेवा, मागं गिट्टी भरा. खरं काम नालीचं आहे, ती दोघांच्या खर्चानं उताराकडे काढा. शेतात नैसर्गिक वाहणारं पाणी अडवलं तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जाता येते, पण पाणी अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत. त्याआधी एकदा शेजाऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसा, मृग लागायच्या पहिले.