फैयाज यांच्या भूमिका : सीमाभागातल्या रसिकांचे अनुभव

मराठी रंगभूमीवरच्या गायिका-अभिनेत्री फैयाज यांचे काम ज्यांनी पाहिले वा ऐकले, त्यांनी ते आपल्या शब्दांत लिहावे, एवढीच विनंती. आरंभ मीच करते.

टिळकवाडी, बेळगाव

फेब्रुवारी २०१५ मध्ये ९५वे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन आमच्या शहरात भरले, तेव्हा अध्यक्षपदी फैयाज होत्या. ज्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला १८४३ साली मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म झाला, तिथल्या संमेलनाचे अध्यक्षपद गात्या अभिनेत्रीकडे यावे, याचा मला विशेष आनंद झाला. आमच्या घरी मात्र त्या दिवसांत सीमाप्रश्नाचीच चर्चा अधिक झाली आणि अध्यक्षांच्या कारकिर्दीविषयी कोणी फारसे बोलले नाही, म्हणून हे आवाहन.

निपाणी

आचार्य अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ १९६२ साली रंगभूमीवर आले आणि प्रभाकर पणशीकरांच्या लखोबा लोखंडेमुळे आमच्या गावचा तंबाखूचा व्यापारी महाराष्ट्रभर गाजला. (त्याचा उल्लेख निघाला की बाहेरगावचे लोक अजूनही आमच्याकडे पाहून हसतात.) त्यातल्या कानडी हेलाने मराठी बोलणाऱ्या चन्नक्काची भूमिका अनेकींनी केली, फैयाज यांची मी कोल्हापूरला केशवराव भोसले नाट्यगृहात पाहिली. कानडी हेलाचे मराठी ही नाटकवाल्यांना हशा मिळवण्याची सोपी वाट वाटते, आणि ज्यांच्या शेजारीपाजारी, वखारीत, बाजारात रोज हीच बोली चालते त्यांच्या कानांना त्यातले खोटे लगेच खटकते. मला तसे कुठेच खटकले नाही. वाक्याच्या शेवटी स्वर किंचित वर नेऊन तिथेच सोडून देण्याची जी लकब आमच्या चिकोडीकडच्या बायकांत आहे, ती त्यांच्या बोलण्यात होती. प्रेक्षक हसत होते, पण त्या बाईला हसत नव्हते. फैयाज मूळच्या सोलापूरच्या आणि सोलापूरकरांच्या कानावर कानडी लहानपणापासून पडते, हे त्याचे कारण असावे असा माझा तर्क आहे.

खानापूर

आमच्याकडे पणजी आकाशवाणी स्वच्छ लागत असे आणि ‘वीज म्हणाली धरतीला’ या कुसुमाग्रजांच्या नाटकातले ‘चार होत्या पक्षिणी त्या’ हे फैयाज यांनी गायलेले पद मी तिथेच प्रथम ऐकले. त्या नाटकात त्यांनी जुलेखाची भूमिकाही केली होती, हे मला पुष्कळ नंतर समजले. गाणे शिकवताना मी विद्यार्थिनींना हे पद मुद्दाम देते, कारण त्यात तानांची आतषबाजी करून भागत नाही; शब्द स्पष्ट उच्चारून दुःख आवरते ठेवावे लागते आणि नेमके तेच कोणाला लवकर साधत नाही.

शहापूर, बेळगाव

माझ्या पिढीला ‘कट्यार काळजात घुसली’ २०१५ च्या चित्रपटामुळे कळले. त्यात गवई खाँसाहेबांची मुलगी झरिना अमृता खानविलकर यांनी साकारली. चित्रपट पाहून आल्यावर आजी म्हणाली, ‘‘झरिना म्हणजे फैयाजच, बाकीच्यांचं मला सांगू नकोस.’’ १९६७ साली आलेल्या मूळ नाटकात पंडित वसंतराव देशपांडे यांचे खाँसाहेब समोर असताना त्यांच्या मुलीचे काम करायचे, तेही स्वतः गाऊन, पार्श्वगायनाच्या आधाराविना. ‘लागी करेजवा कटार’चे ध्वनिमुद्रण आजीने मला त्याच रात्री ऐकवले. एक मत नोंदवतो, काहींना पटणार नाही : आपण त्यांना ‘गायिका’ म्हणून इतके डोक्यावर घेतले, की चन्नक्कासारख्या गद्य कामाची दखल निपाणीकरांशिवाय फारशी कोणी घेतली नाही.

पुन्हा निपाणी

शहापूरकरांशी सहमत, फक्त कोल्हापूरकरांनाही त्यात धरावे, त्या प्रयोगाला टाळ्या त्यांच्याच अधिक होत्या.