डमाम ढोल वाजवल्यानं बाईचं घर सुरक्षित होतं का?

जांबोटीचा मास्तर: परवा एकानं इथं लिहिलं, "आफ्रिकी वंशाच्या सिद्दींच्या वाड्यांवरची दारू अन् मारहाण थांबवायची तर डमाम पुन्हा वाजवा, संस्कृतीकडं परता, जखमा भरतील." डोकं फिरलं वाचून. अकरा वर्षं बेळगावच्या खानापूर तालुक्यात शिकवतोय. नाच रंगला की बाटल्या फुटतात, या डोळ्यांनी बघितलंय. बाईला हवाय रात्री फोन उचलणारा माणूस.

कवांदवाली: मास्तर, मी त्याच वाड्यावरची. नवऱ्यानं डोकं फोडलं तेव्हा आजीकडं गेले. तिनं काही विचारलं नाही. जुन्या लुगड्यांचे तुकडे पुढ्यात टाकले, म्हणाली, घाल टाके. कडेनं सुरू करून आत आत जायचं. शेवटी कोपऱ्यांना फुलं लावायची, नाहीतर कवांद, म्हणजे आमची गोधडी, उघडी समजतात. फुलं लावताना पहिल्यांदा रडले. शेजारी टाके घालणाऱ्या पाचजणी दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत पोलीस ठाण्यात आल्या.

निपाणीकर: कवांद म्हणजे आपली वाकळच की.

अनमोडरोड: वाकळ कुठली? आमच्याकडं कौदी.

निपाणीकर: कौदी कानडी. २०१४ ला बेळगावचं नाव बदललं, आता अंथरुणाचंही बदला!

अनमोडरोड: चार पिढ्या कौदीच म्हणतोय. तुम्ही कोण शिकवणार?

कवांदवाली: पुरे! शब्द माझ्या आजीचा आहे. कोकणी, मराठी, कानडी सगळं बोलते ती. तुमच्या सीमेच्या भांडणात तिला ओढू नका.

हल्याळचा भाचा: मामा उत्तर कन्नडातल्या हल्याळचा, काका खानापूरचा. तिकडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ ला, बेळगाव-धारवाडच्यांना २०२० ला. सतरा वर्षं मामाला दाखला, काकाला नाही. नुसतं नाचून काय होतंय? कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या आदिवासींवर चँडलर अन् लालोंद या संशोधकांनी १९९८ ला लिहिलंय: जमिनीचा हक्क, शाळा, दवाखाना, पोलीस ज्या गटांच्या हाती, तिथं तरुणांच्या आत्महत्या कमी. पण त्यांच्या यादीत संस्कृतीसाठी बांधलेली जागाही होती, मास्तर.

जांबोटीचा मास्तर: असेल. बाटल्यांचं बोललो ते मागं घेणार नाही. पण त्या पाचजणी माझ्या हिशेबात नव्हत्या, एवढं मानतो. फोन उचलणारा माणूस तरी हवाच.

कवांदवाली: हवाच. मी कुठं नको म्हटलं? ठाण्यात आधी एकटी गेले होते, तेव्हा कुणी खुर्चीसुद्धा दिली नव्हती.