शहाण्या कंपन्यांनी कोर्टाची पायरी का चढावी?

अर्धविराम: ओरॅकलने २०१० साली गूगलवर दावा ठोकला. वाद जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या एपीआयमधल्या (प्रोग्रॅमांना एकमेकांशी जोडणारा सांधा) सुमारे ११,५०० ओळींचा, एकूण २८.६ लाख ओळींपैकी ०.४ टक्के! अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये गूगलच्या बाजूने निकाल दिला. अकरा वर्षांत गब्बर झाले ते वकील. उलट लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमला कर्करोग म्हणणाऱ्या मायक्रोसॉफ्टनेच २०१८ मध्ये ओपन इन्व्हेन्शन नेटवर्क या पेटंटं वाटून घेणाऱ्या कंपन्यांच्या गटात शिरून ६०,००० वर पेटंटं लिनक्ससाठी खुली केली. मिळून काम करण्यातच फायदा आहे, हे उशिरा का होईना कळलं.

उंटावरचा शहाणा: दोन हत्तींची उदाहरणं देऊन सिद्धांत मांडू नका. स्टॅक नावाची छोटी कंपनी होती, डिस्कवरचा डेटा दाबून बसवणारी. मायक्रोसॉफ्टशी परवान्याची बोलणी फिसकटली आणि १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या डॉस ६ या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तीच सोय फुकट आली. स्टॅकने काय करायचं होतं, हातात हात घालायचा? १९९४ मध्ये ज्युरीने पेटंटभंगापोटी १२ कोटी डॉलर दिले. मग त्याच वर्षी तडजोड झाली आणि मायक्रोसॉफ्टने स्टॅकमध्ये पैसे गुंतवले. तुमचं सहकार्य आलं ते दाव्याच्या मागून.

रात्रपाळी: सहकार्याचा किस्सा माझ्याकडेही आहे. ॲपल, गूगल, इंटेल आणि अडोबी यांच्यावर आरोप होता की एकमेकांची माणसं पळवायची नाहीत असं त्यांनी आपसात ठरवलं. पगार कोणाचे दबले ते सांगायला नको. इंजिनिअर कोर्टात गेले, २०१५ मध्ये ४१.५ कोटी डॉलरवर मिटलं.

अर्धविराम: @रात्रपाळी, त्याला साटंलोटं म्हणतात हो. मी खुल्या मानकांबद्दल, म्हणजे सगळ्यांना वापरता येणाऱ्या सामायिक तंत्राबद्दल बोलतोय. स्टॅकचा मुद्दा मान्य, पण तो अपवाद.

उंटावरचा शहाणा: मग खुल्या मानकांचंच बघा. विंडोजशी फाइल्सची देवाणघेवाण करणारं सांबा हे खुलं सॉफ्टवेअर आठवतंय? युरोपीय आयोगाने २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरो दंड केला आणि प्रोटोकॉलची (विंडोज इतर संगणकांशी कसं बोलतं त्या नियमांची) माहिती प्रतिस्पर्ध्यांना द्यायला सांगितलं. कंपनी अपिलात गेली. आयोगाच्या बाजूने असलेल्या सन, नॉव्हेल, रियलनेटवर्क्स या कंपन्यांनी मायक्रोसॉफ्टकडून घसघशीत रकमा घेऊन तडजोडी केल्या (तुमच्या भाषेत सहकार्य). सांबावाले मात्र शेवटपर्यंत खटल्यात टिकून राहिले. २००७ मध्ये अपील फेटाळलं गेलं आणि डिसेंबरात कागदपत्रं हाती आली, एकरकमी १०,००० युरोंत.

अर्धविराम: पण तो आयोगाचा बडगा होता, कंपनीने कंपनीवर केलेला दावा नव्हे.

उंटावरचा शहाणा: आणि आयोगाकडे १९९८ मध्ये तक्रार कोणी केली होती? सननेच.